दवाखानेवालीने केलेलं हॉटेल

पंचतारांकित हॉटेलचं काम मिळालं म्हणून ताईने मोठ्या हौसेने धाकट्या भावाला फोन केला, तर तिकडून पहिला प्रश्न आला, "का गं, हॉटेलात दवाखाना काढतायत का ते?"

भाऊ दातांचा डॉक्टर. बोलला तो थट्टेनेच, पण ही थट्टा करायचा हक्क निदान त्याला तरी नव्हता, कारण ताईच्या कपाळी दवाखाने लिहिले गेले ते त्याच्याच पायी. काही वर्षं दुसऱ्यांच्या ऑफिसात रेघा ओढून तिने स्वतःचं इंटिरियरचं ऑफिस थाटलं, तेव्हा डोक्यात बंगले होते, नाट्यगृहं होती, आणि हातात काम म्हणाल तर शून्य. त्याच सुमाराला भावाने पहिला दवाखाना घेतला. "घरचीच आहेस, देशील ना करून?" म्हणाला. ताईने जीव ओतून तो दवाखाना केला. इतका नेटका झाला, की भावाच्या डोळ्यांच्या डॉक्टर मित्राने तिला बोलावलं, त्याने हाडांच्या डॉक्टरकडे धाडलं, आणि डॉक्टर लोक एकमेकांकडे पेशंट पाठवतात तसे ताईला पाठवू लागले. बघता बघता केस पांढरे व्हायला लागले. दवाखाने झाले, प्रसूतिगृहं झाली, रक्त तपासायच्या लॅबा झाल्या, आणि शेवटी गावाबाहेरचं मोठं हृदयाचं हॉस्पिटलही झालं. धंद्यातले लोक तिला पाठीमागे 'दवाखानेवाली' म्हणत. पाठीमागे म्हणजे अगदी पाठीमागेही नव्हे. तिच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण लोकांचे बंगले सजवायची, ती चारचौघांत म्हणायची, "बरं वाटेनासं झालं की तुझ्याकडेच येऊ हं आम्ही!" सगळे हसायचे. ताईही हसायची आणि घरी येऊन भांडी जरा जोरात आपटायची.

पण दवाखान्यांनीच तिला एक गोष्ट शिकवली होती, आणि तीही अंगावर बेतून. एकदा साइटवर शिडीवरून ती पडली, पायाचं हाड मोडलं आणि तिला नेऊन ठेवलं ते तिनेच सजवलेल्या हाडांच्या हॉस्पिटलात. पलंगावर उताणं पडल्यावर तिने वर पाहिलं आणि तिला घाम फुटला. ट्यूबलाइट नेमकी डोळ्यांवर. एसीची जाळी अशी, की वारा थेट मानेत. छताच्या पाट्यांपैकी एक तिरकी बसलेली, आणि एकदा दिसली की नजर तिथून हलेना. उभं राहून काढलेल्या नकाशात यातलं काहीएक दिसलं नव्हतं. भेटायला आलेल्या नवऱ्याने तिचा चेहरा पाहून घाबरून विचारलं, "फार दुखतंय का गं?"

"हो," ताई म्हणाली, "छत दुखतंय."

नवरा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. त्याला वाटलं, भूल अजून उतरली नाही.

तेव्हापासून ताईने एक सवय लावून घेतली. कुठल्याही खोलीचं काम सुरू करायच्या आधी जिथे पलंग येणार तिथे जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं आणि सरळ आडवं व्हायचं. नवे कामगार तोंड लपवून हसत. पहिल्या दवाखान्यापासून तिच्याबरोबर असलेले सुतारमिस्त्री मात्र त्यांना दटावत, "हसू नका रे. इतर लोक झोपले की काम थांबतं. आमच्या ताई झोपल्या की काम सुरू होतं."

तर अशी ही ताई. आणि हॉटेलचे मालक तिला भेटले ते हृदयाच्या हॉस्पिटलात. भेटले म्हणजे ताई तिथे नव्हतीच, मालकच होते, छातीवर टाके घेऊन पडलेले. चार हॉटेलांचा धनी, झोपेच्या गोळीशिवाय ज्याला वर्षानुवर्षं डोळा लागला नव्हता, तो माणूस त्या खोलीत लहान मुलासारखा झोपायला लागला. डॉक्टरांनी ते औषधाच्या खात्यावर मांडलं. मालक मोठे चिकित्सक. घरी गेल्यावर झोप पुन्हा उडाली, तेव्हा त्यांनी हॉस्पिटलात फोन करून विचारलं, "औषधं तीच आहेत. मग ती खोली कुणी केली ते सांगा."

त्यांचं पाचवं हॉटेल तेव्हा उभं राहत होतं, नदीकाठी, उंचच उंच, आधीच्या चारही हॉटेलांच्या वरताण. सांगाडा तयार होता, भिंती उभ्या होत्या, आत काय करायचं यावर खल चालला होता. मालकांनी ताईचं नाव काढलं आणि मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे पडले. त्यांचा मुलगा, ज्याला सगळे 'धाकटे मालक' म्हणत, हॉटेलचा धंदा शिकून आलेला होता. त्याने तोंडावरच सांगितलं, "बाबा, लोक आपल्याकडे मजा करायला येतात, सलाइन लावून घ्यायला नाही." इमारतीचे आर्किटेक्ट तर नाकाने कांदे सोलण्यात पटाईत. ते म्हणाले, "बाईंचं काम स्वच्छ असतं, यात शंकाच नाही. पण स्वच्छ आणि आलिशान यात काही फरक आहे की नाही?"

मालकांनी वाद घातला नाही. त्यांनी दोन नमुन्याच्या खोल्या करायला सांगितल्या, एकाच मजल्यावर, शेजारी शेजारी, एकाच मापाच्या. एक मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या कंपनीने करायची, दुसरी ताईने. जिची सरस ठरेल तिचं हॉटेल.

ताईने होकार दिला आणि घरी येऊन तिचं अवसान गळालं. "हात दाखवून अवलक्षण झालं," ती नवऱ्याला म्हणाली. "ते लोक संगमरवराचे डोंगर आणून ओततील. मी काय करू?"

नवरा निवृत्त झाल्यापासून घरात चहा करायचं खातं त्याच्याकडे होतं. कप पुढे ठेवत तो म्हणाला, "तू झोप." आणि ताई रागाने बघायला लागली तेव्हा घाईघाईने पुढे म्हणाला, "अगं, म्हणजे तिथे जाऊन. वर्तमानपत्र पसरून. तुझं जे आहे ते कर की!"

दुसऱ्या दिवशी ताई रिकाम्या खोलीत सिमेंटवर आडवी झाली ती बराच वेळ उठलीच नाही. मग उठली आणि मिस्त्रींना एकेक गोष्ट सांगायला लागली. एसीचा वारा पलंगाकडे नको, दाराकडच्या भिंतीला घासून जाऊ दे. छतात डोळ्यांवर येणारा एकही दिवा नको, उजेड कडेच्या लाकडी पट्टीमागून वर जाऊ दे आणि तिथून खाली झिरपू दे. दोन पडदे मध्यभागी एकमेकांवर चांगले वीतभर चढले पाहिजेत, म्हणजे पहाटे उजेडाची सुरी डोळ्यांत घुसणार नाही. उशाशी एकच बटण, अंधारात चाचपलं तरी हाताला लागेल असं, आणि ते दाबलं की सगळी खोली विझली पाहिजे. पलंगाखाली लपवलेला एक मंद दिवा, पाय जमिनीला टेकले की लागणारा. उशाशी टेबल असं, की चष्मा, पाणी, पुस्तक आणि फोन एकमेकांना न ढकलता मावतील. बाथरूमला उंबरा नको. आणि दार लोटलं तर 'धाड' नव्हे, 'हं' असा आवाज यायला हवा. या शेवटच्या कलमापायी मिस्त्रींनी दाराच्या चौकटीत तऱ्हेतऱ्हेच्या पट्ट्या लावून पाहिल्या. दिवसभर ते दार लोटत आणि ताई बाहेरून ओरडे, "अजून खोकतंय!"

पाहणीच्या दिवशी सगळे जमले. कंपनीची खोली उघडली आणि दारातच माणसं थबकली. काळा चकाकता दगड, पलंगामागे सोनेरी जाळी, पलंगाकडे चढायला संगमरवरी पायरी, छतात आरसा, भिंतीवर स्पर्शाने चालणारी बटणांची पाटी. आर्किटेक्टच्या तोंडून नकळत "वा!" निघालं. मग ताईची खोली उघडली. मातकट रंगाच्या भिंती, लाकूड, सुती कापड. धाकटे मालक सभ्यपणे म्हणाले, "छान आहे. शांत आहे."

ताईला कळून चुकलं की उभ्या उभ्या निकाल लागला तर आपली डाळ शिजत नाही. अंगातला सगळा धीर गोळा करून ती मालकांना म्हणाली, "खोली दारातून बघायची वस्तू आहे का? दोन्ही खोल्यांत एकेक रात्र काढा आणि मग ठरवा. हरले तर हरले."

"मी झोपून काय उपयोग? मी तर आधीपासूनच तुमच्या पक्षातला," मालक म्हणाले आणि मुलाकडे वळले. "तू झोप."

धाकट्या मालकांनी आधी कंपनीच्या खोलीत मुक्काम केला. सकाळी ते खाली आले ते लंगडत. पाण्यासाठी उठले असताना संगमरवरी पायरीने अंगठा फोडला होता. बटणांच्या पाटीवर दिवा लावायला गेले तर पडदे उघडले, पडदे मिटायला गेले तर टीव्ही लागला, आणि वर आरशात स्वतःचंच ध्यान बघून दचकायला झालं ते वेगळंच. पण माणूस हट्टी. म्हणाले, "सवयीने जमेल." त्यानंतर ते ताईच्या खोलीत गेले.

दुसऱ्या सकाळी निकालाची मीटिंग ठेवलेली होती. मालक आले, आर्किटेक्ट आले, कंपनीची माणसं टाय लावून आली, ताई पर्स मांडीवर घेऊन बसली. धाकट्या मालकांचा पत्ता नाही. फोन केला, उचलेनात. चहा झाला, दुसऱ्यांदा चहा झाला. मालक घड्याळाकडे बघत होते आणि आर्किटेक्ट छताकडे. शेवटी कुणीतरी वर जाऊन दार वाजवलं, तेव्हा धाकटे मालक उशीची घडी गालावर उमटलेली, केस उभे, शर्टाची बटणं वरखाली लावलेली, अशा अवतारात धावत आले.

"माफ करा," ते म्हणाले. "मला वाटलं अजून उजाडलंच नाही."

मालक इतके हसले, की ताईला त्यांच्या टाक्यांची काळजी वाटली. कंपनीच्या माणसांनी कागद आवरायला घेतले. निकाल कुणी वाचून दाखवलाच नाही. तशी गरजच उरली नव्हती.

काम सुरू झालं आणि ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण हत्ती गेला तरी शेपूट राहतंच. मधला मजला पहिल्यांदा पूर्ण झाला, तेव्हा तो बघायला आलेले धाकटे मालक लिफ्टमधून बाहेर पडले आणि थांबले. एरवी त्या निकालापासून ते ताईची बाजू घ्यायला लागले होते, आर्किटेक्टशी भांडायलाही लागले होते. पण त्या दिवशी खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, राग मानू नका. खोल्यांना तोड नाही. पण हा कॉरिडॉर... इथे मला कुणालातरी भेटायला आल्यासारखं वाटतंय. हातात फळं घेऊन."

ताईला झोंबलं. "इतकी वर्षं तेच ऐकतेय," ती फटकन म्हणाली. "तुमच्याकडून अपेक्षा नव्हती." आणि पर्स उचलून निघून गेली.

घरी भांडी पुन्हा जोरात आपटली गेली. संध्याकाळी नवऱ्याने फिरायला काढलं. बरंच अंतर चालून झाल्यावर ती एकदम म्हणाली, "बरोबर बोलला तो पोरगा."

"काय बोलला?"

"कॉरिडॉर दवाखान्याचाच झालाय. मीच केलाय. हाताला तेच वळण आहे."

नवरा नुसता तिच्या पावलाला पाऊल जुळवत चालत राहिला. तिला धीर द्यायची वेळ कुठली आणि तिला बोलू द्यायची कुठली, हे एवढ्या संसारात त्याला कळायला लागलं होतं.

"सरळ रेघ," ताई बोलत राहिली. "मध्यावर दिव्यांची रांग. दवाखान्यात ती लागते, खालून स्ट्रेचर धावत असतं, डॉक्टरला पेशंटचा चेहरा दिसावा लागतो. आणि दारं सगळी भिंतीच्या एका पातळीत, कारण काही अडकता कामा नये. पण हॉटेलात कुणाला धावायचंय? माणूस रमतगमत येतो, हातात बॅग असते, आपलं दार कुठलं ते शोधतो. त्याला उजेड दारापाशी पाहिजे. आणि दारापाशी क्षणभर थांबायला जागा पाहिजे, घराला ओसरी असते तशी." बोलता बोलता ती थांबली. "दारं आत घ्यायला हवीत."

आता भिंती उभ्या होत्या, सिमेंट वाळलं होतं. दारं आत घ्यायची तर खोलीतली जागा कापावी लागणार, आणि ती कापायची तर प्रवेशाजवळचं कपाट लहान करावं लागणार. त्या कपाटावर ताईचा जीव होता. आत दिवा होता, बॅग ठेवायला कमरेच्या उंचीवर फळी होती, मिस्त्रींनी त्याचे सांधे असे बसवले होते की नख शिरू नये. आर्किटेक्टनी तेवढ्यात टोमणा मारलाच, "आता खोल्या कापायच्या? आधी कळलं नव्हतं?"

"नव्हतं कळलं," ताई म्हणाली. "आता कळलंय."

तिने पहिली हाक धाकट्या मालकांना मारली. "राग मानू नका म्हणालात आणि मी मानला. चुकलं माझं. आता कपाट अर्धं करू का, तेवढं सांगा." मग मिस्त्रींना सांगायची वेळ आली. त्यांनी तयार कपाटावरून हात फिरवला, एक मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही माझ्याकडून मोडून घेतलेलं सामान एकत्र केलं असतं, तर माझं घर झालं असतं." आणि पटाशी उचलली.

दोन दोन दारं समोरासमोर आत गेली. मध्यावरचे दिवे गेले, प्रत्येक ओसरीत एक लहानसा दिवा आला, दाराच्या नंबरावर आणि कुलपावर पडेल असा. गालिचा पट्टीसारखा सरळ धावत होता, तो प्रत्येक ओसरीपाशी रंग बदलायला लागला. एवढा लांबलचक कॉरिडॉर, पण आता लिफ्टमधून बाहेर पडलं की एखाद्या शांत गल्लीत आल्यासारखं वाटे, जिथे घराघरात लोक जागे आहेत. धाकटे मालक त्यातून शेवटापर्यंत चालत गेले आणि परत आले.

"फळं?" ताईने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "आता नुसती बॅग."

उद्घाटनाच्या संध्याकाळी ताई नवरा, भाऊ आणि भावजय यांना घेऊन गेली. मालकांनी भाषण छोटं केलं. आर्किटेक्टचं नाव घेतलं, इंजिनियरांचं घेतलं आणि ताईकडे हात करून म्हणाले, "या बाईंनी माझ्या मुलाला पहिल्यांदा वेळेवर झोपवलं. लहानपणी ते त्याच्या आईलाही जमलं नव्हतं." लोक हसले, टाळ्या पडल्या, धाकटे मालक कानापर्यंत लाल झाले. बंगलेवाली मैत्रीणही आली होती. ती ताईच्या कानाशी लागून म्हणाली, "खोली बघू दे ना एक." तिला खोली दाखवायला ताईने मिस्त्रींना बरोबर दिलं. मिस्त्रींनी तिला दारच लोटून दाखवलं म्हणे, पुन्हा पुन्हा, ती कंटाळेपर्यंत.

पण ताईला जे बघायचं होतं ते भाषणात नव्हतं. ती लॉबीत एका खांबाआड उभी होती. एक म्हातारे गृहस्थ कोचावर बसले होते. त्यांची बायको आली, "चला," म्हणाली आणि सवयीने हात पुढे केला. म्हाताऱ्यांनी हात घेतला नाही. कोचाच्या हातावर तळवा टेकवला आणि सहज उठून उभे राहिले. बायको आपल्या हाताकडे बघत राहिली. मग दोघं बोलत बोलत जेवायला गेली. कोच बनवणाऱ्याशी ताईने त्या उंचीसाठी आठवडाभर हुज्जत घातली होती. हल्ली आलिशान म्हणजे खोल आणि बुटका कोच, असं त्याचं म्हणणं होतं. गुडघे दुखणारा माणूस त्यात बसला की पाहुणा राहत नाही, कैदी होतो, असं ताईचं म्हणणं होतं.

"पाहिलंत?" तिने नवऱ्याचं कोपर दाबलं.

"काय?"

"तो माणूस उठला."

नवऱ्याने त्या रिकाम्या कोचाकडे पाहिलं, मग बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एवढा उजळलेला तो चेहरा त्याने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. "पाहिलं," तो म्हणाला. "फार छान उठला."

हॉटेल चांगलं चाललं. पाहुणे वहीत खिडकीतून दिसणाऱ्या नदीबद्दल लिहीत, जेवणाबद्दल लिहीत, आणि बऱ्याच जणांनी एक ओळ जास्तीची लिहिलेली असे, की इथे झोप छान लागली, का ते कळलं नाही. ताईला हे 'का ते कळलं नाही' फार आवडायचं. धंद्यात तिला अजूनही दवाखानेवालीच म्हणत, पण आता सांगताना पुढे 'ती नदीकाठच्या हॉटेलची' असं जोडत. ताईनेही दवाखाने सोडले नाहीत. उलट लहान मुलांच्या हॉस्पिटलचं काम आलं तेव्हा तिने डॉक्टरांना ठणकावून सांगितलं, की पलंगाखालचा दिवा इथेही लागेल, आणि अंधारात उठणाऱ्या मुलाला तो पंचतारांकित पाहुण्यापेक्षा जास्त लागेल.

मग एके दिवशी धाकट्या मालकांचा फोन आला. डोंगरावर सहावं हॉटेल बांधायचं होतं. "नमुन्याची खोली नको," ते म्हणाले. "तुमची अट काय ती सांगा."

"अट एकच," ताई म्हणाली. "भिंती उभ्या राहायच्या आधी बोलवा."

तिला बोलावलं. डोंगराच्या उतारावर अजून नुसतं गवत होतं, खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि त्यांना दोऱ्या बांधलेल्या होत्या. वारा असा, की नकाशाचा कागद धरायला दोन माणसं लागत. आर्किटेक्ट तेच होते. ताई दोऱ्यांमधून चालत गेली, एका चौकोनात थांबली, खाली बघितलं, वर बघितलं, दरीकडे बघितलं.

"ही भिंत इकडे हवी," ती म्हणाली.

"किती?" आर्किटेक्टनी विचारलं.

"चला, दाखवते. धरा ते टोक."

आर्किटेक्टनी टेपचं टोक धरलं आणि गवतातून मागे मागे जायला लागले. ताई ओरडून सांगत होती, "अजून, अजून थोडं... हां, तिथेच!" आणि त्यांनी वाकून भिंतीची जुनी खुंटी उपटली, नव्या जागी ठोकायला.